‘हेट्ठिमा दिसा’ : सिगालोवाद सुत्त आणि आजचे व्यवस्थापन

पूर्व आशियाच्या औद्योगिक प्रगतीचे मूळ कन्फ्युशियसच्या शिकवणीत शोधण्याचा प्रघात व्यवस्थापनशास्त्रात रूढ आहे. जपानी उद्योजक शिबुसावा एइइची यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या शिकवणीची व्यापाराशी सांगड घातली. नफ्याला नीतीचे बंधन असावे, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. परंतु राजा-अमात्य, पिता-पुत्र, पती-पत्नी, थोरला-धाकटा भाऊ व मित्र-मित्र या कन्फ्युशियस परंपरेतील पाच नात्यांत मालक-मजूर हे नाते नाही. साहजिकच कारखान्यात मालक पित्याच्या जागी बसतो. आणि पित्याकडे वेतनवाढ मागणे हा उद्धटपणा ठरतो!

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपल्याला विवाहविधीतील पती-पत्नींच्या प्रतिज्ञांमुळे परिचित आहे. त्याच सुत्तात ‘हेट्ठिमा दिसा’, म्हणजे खालची दिशा, दास-कम्मकरांची सांगितली आहे. माता-पित्यांची व आचार्यांची सेवा करावी, हे सांगताना जे क्रियापद योजिले आहे, तेच मालकाने कामगारांशी कसे वागावे हे सांगताना योजिले आहे. शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, विशेष पदार्थांत वाटा आणि ‘समये वोस्सग्ग’, म्हणजे वेळेवर सुटी, ही मालकाची पाच कर्तव्ये. दिवसभर राबणारा थकू नये अशा बेताने त्याला रोज मोकळे करावे आणि सणासुदीलाही सोडावे, असा ‘वोस्सग्गा’चा दुहेरी अर्थ अट्ठकथा देते. अशी सेवा लाभलेल्या कामगाराची कर्तव्ये त्यानंतर येतात. मालकाच्या आधी उठावे, नंतर निजावे, हे त्यांतील कलम आज स्वीकारता येणार नाही. ‘दास’ हा शब्दही त्या काळाचा आहे, हे लपविण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांनी हा मालक-सेवक विनय ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात समाविष्ट केला. पण ते मालकाच्या सदिच्छेवर विसंबले नाहीत. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झालेल्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष अग्रभागी होता. पुढे ते मजूरमंत्री असताना मांडलेल्या व १९४६ साली संमत झालेल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे ५४ तास ४८ वर आले.

अंधेरी-घाटकोपरच्या कार्यालयांत कंत्राटदारामार्फत नेमलेल्या रखवालदाराची पाळी पुष्कळदा बारा तासांची असते. तो आजारी पडला की कार्यालय कंत्राटदाराकडे बोट दाखवते, कंत्राटदार कार्यालयाकडे. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते मूळ मालकाने द्यावे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने केली होती. वेतनाच्या बाबतीत लावलेला हा न्याय शुश्रूषेला व सुटीलाही लावावा, अशी मागणी सुत्ताच्या आधारे करता येते.