‘मून रिव्हर’: बेताच्या गळ्यासाठी बांधलेली चाल

‘मून रिव्हर’ हे गाणे १९६१ सालच्या ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ या अमेरिकी चित्रपटातले. संगीत हेन्री मॅन्सिनी यांचे, शब्द जॉनी मर्सर यांचे. पडद्यावर ते ऑड्री हेपबर्न स्वतःच्या आवाजात गायली, आणि गाणे इतके टिकले याचे मोठे कारण तिथेच आहे. हेपबर्न काही गायिका नव्हती. ‘फनी फेस’ (१९५७) मध्ये तिने गायलेल्या गाण्यावरून मॅन्सिनींनी तिच्या गळ्याचा आवाका जोखला आणि एक सप्तक व वर एक स्वर, एवढ्यातच चाल बसवली. महिनाभर डोक्यात घोळलेली ही चाल शेवटी अर्ध्या तासात उतरली, असे ते सांगत.

पेटीवर पांढरी एक धरली तर ती पूर्णपणे पांढऱ्या पट्ट्यांवर वाजते. पंचमावरून ती एकदम वरच्या रिषभावर जाते, षड्जावर टेकते आणि मग पायरी-पायरीने खाली येते. लय संथ, तीन मात्रांची. तळातली स्वरसंगती मात्र इतकी सरळ नाही. तिथे मधूनच तीव्र मध्यम डोकावतो आणि गोडव्यात हुरहूर मिसळते. गुणगुणायला कोणालाही जमावी आणि तरी सपाट वाटू नये, ही किमया त्यातूनच साधली आहे.

मर्सर जॉर्जिया राज्यातल्या सॅव्हानाचे. खाडीकाठचे बालपण, रानातली हकलबेरीची फळे, हे सारे त्यांनी गाण्यात आणले. प्रेमगीत असूनही त्यात रूपवर्णन नाही, आणाभाका नाहीत. आहे ती दूर जाण्याची ओढ आणि सोबत. म्हणून ते लग्नातही शोभते आणि निरोपालाही. सॅव्हानाजवळच्या एका खाडीला पुढे या गाण्याचेच नाव देण्यात आले.

खिडकीत बसलेली, केसांना टॉवेल गुंडाळलेली, गिटार छेडणारी नायिका हा आज चित्रपटातला सर्वांत लक्षात राहिलेला प्रसंग आहे. प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी-खेळानंतर स्टुडिओच्या एका अधिकाऱ्याला गाणे कापायचे होते. हेपबर्नने ठाम विरोध केल्याचे मॅन्सिनींनी सांगितले आहे. गाण्याला ऑस्कर मिळाले, ग्रॅमीही मिळाले. ब्रिटनमध्ये डॅनी विल्यम्स यांची आवृत्ती १९६१ च्या अखेरीस पहिल्या क्रमांकावर पोहोचली. अमेरिकेत ते घरोघरी नेले अँडी विल्यम्स यांनी. १९६२ च्या ऑस्कर सोहळ्यात ते गायल्यानंतर त्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची ती ओळखधूनच झाली. स्वतंत्र तबकडी म्हणून त्यांनी ते कधीच काढले नाही, तरी हे गाणे त्यांचेच मानले गेले. १९९२ मध्ये ब्रॅन्सन येथे उभारलेल्या नाट्यगृहालाही त्यांनी हेच नाव दिले.

मोठ्या, कमावलेल्या गळ्यांनी हे गाणे पुष्कळदा भारदस्त केले. पण त्या भारदस्तपणात त्याचा एकटेपणा हरवतो. तो हेपबर्नच्या किंचित कापऱ्या आवाजात आहे. १९६१ च्या चित्रपट-संगीताच्या तबकडीत मात्र त्याऐवजी समूहगान आणि वाद्यवृंद घेतला गेला. हेपबर्नचे मूळ ध्वनिमुद्रण बाजारात आले ते तिच्या मृत्यूनंतर, १९९३ मध्ये.