सही करण्याआधी

स्पॉटिफाय किंवा अ‍ॅपल म्युझिकवर स्वतंत्र कलाकाराला गाणं थेट चढवता येत नाही; मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतोच. फसवणूक शिरते ती याच फटीतून. इन्स्टाग्रामवर मेसेज येतो, ‘गाणं आवडलं, प्लेलिस्टमध्ये घेतो, एक लाख स्ट्रीम्सची हमी.’ अशी हमी देणारा बहुधा बॉट्सकडून गाणं वाजवून घेतो. ते पकडलं गेलं की रॉयल्टी अडते, गाणंही उतरवलं जाऊ शकतं आणि भुर्दंड कलाकाराला. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायला एक पैसाही लागत नाही. ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून, प्रदर्शनाच्या किमान 7 दिवस आधी पाठवायचं.

पैशांपेक्षा मोठा धोका डिस्ट्रिब्युटरशी होणाऱ्या करारात असतो. गाणं पोचवायला वितरणाचा परवाना पुरतो. कागदावर ‘असाइनमेंट’ म्हणजे हक्कांचं हस्तांतरण किंवा ‘कायमस्वरूपी हक्क’ दिसलं, तर तिथेच थांबा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. नवोदितांना हे कुणी सांगत नाही, याची चीड येते.

डिस्ट्रिब्युटर बदलताना गाणी परत नेता येतील का, हे आधीच विचारा. प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, स्वतःकडे नोंदवून ठेवा. नव्या ठिकाणी तोच दिला की स्ट्रीम्सचा आकडा सहसा टिकतो. ऑनलाइन पैसे गेलेच, तर संकोच न करता लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.