वाट चुकविणारा वाटाड्या : ब्राउझरचे अपहरण आणि त्यावरील उपाय

महिन्याचा पहिला आठवडा आहे. निवृत्तिवेतन खात्यात जमा झाले की नाही हे पाहण्यासाठी एक सेवानिवृत्त गृहस्थ घरच्या संगणकासमोर बसले आहेत, अशी कल्पना करावी. ब्राउझर उघडताच नेहमीच्या पानाऐवजी एक अनोळखी शोधपान समोर येते. आठ दिवसांपूर्वी नातवाने गाण्यांसाठी कसलीशी आज्ञावली उतरवून घेतली होती, तेव्हापासून हे सुरू झाले आहे, हे त्यांना आठवते. परंतु संगणक चालतो आहे, मग तक्रार कशाला, असे म्हणून ते त्याच पानावरील चौकटीत बँकेचे नाव आणि ‘ग्राहक सेवा क्रमांक’ हे शब्द टंकित करतात. सर्वांत वर जो क्रमांक दिसतो, तो बँकेचा नसतो. पलीकडची व्यक्ती मात्र अत्यंत आदबीने बोलते. ‘काका, काळजी करू नका, मी सांगतो ते एक ॲप तेवढे उतरवून घ्या,’ असे ती म्हणते. पुढे काय घडते, हे बँकेच्या कोणत्याही शाखेतील कर्मचाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

या प्रसंगात फसवणुकीची सुरुवात दूरध्वनीपासून झालेली नाही. ती आठ दिवस आधीच, ब्राउझरचे पान बदलले त्या क्षणी झाली होती. संगणकावरील या उपद्रवास ‘ब्राउझर हायजॅकर’, म्हणजेच ब्राउझरचे अपहरण करणारी आज्ञावली असे म्हणतात.

अपहरण म्हणजे नेमके काय?

ब्राउझर हा महाजालावरील आपला वाटाड्या होय. आपण पत्ता सांगावा आणि त्याने तेथे न्यावे, एवढेच त्याचे काम. हायजॅकर या वाटाड्यालाच फितवितो. तो मुखपृष्ठ बदलतो, शोधयंत्र बदलतो, नवे पान उघडले की स्वतःच्या मालकाचे संकेतस्थळ दाखवितो आणि ठिकठिकाणी जाहिराती घुसवितो. संगणकातील धारिका नष्ट करणे हा त्याचा हेतू नसतो. त्याला संगणक चालू हवा असतो, कारण त्याची कमाई वापरकर्त्याच्या प्रत्येक शोधावर अवलंबून असते.

या कमाईचे गणित सोपे आहे. शोधपानावरील जाहिरातीवर कोणी टिचकी मारली की जाहिरातदार पैसे देतो आणि त्यातील काही वाटा ग्राहकास तेथवर आणून सोडणाऱ्यास मिळतो. म्हणून हायजॅकर प्रत्येक शोध आपल्या पानावरून वळवून नेतो. अनेकदा तो अखेरीस एखाद्या प्रसिद्ध शोधयंत्राचेच निकाल दाखवितो. त्यामुळे काही बिघडले आहे, अशी शंकाही येत नाही.

थोडा इतिहास

हा प्रकार नवा नाही. १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत बाहेरच्या आज्ञावलींना ब्राउझरशी जोडून घेण्याची सोय झाली. सोय चांगल्या हेतूने केलेली होती. परंतु त्याच दाराने हायजॅकरही आत आले. २००३ साली ‘कूलवेबसर्च’ नावाच्या उपद्रवाने असंख्य संगणकांची मुखपृष्ठे बदलली. नेदरलँड्समधील मेरैन बेलेकॉम या तरुणाने तो काढण्यासाठी ‘सीडब्ल्यूश्रेडर’ आणि असे उपद्रव शोधण्यासाठी ‘हायजॅकधिस’ ही साधने तयार करून विनामूल्य दिली.

पुढे ‘डीएनएसचेंजर’ने संगणकाची पत्ते शोधण्याची व्यवस्थाच बदलली. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्यामागील टोळी उघडकीस आणली, तेव्हा शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक बाधित असल्याचे सांगण्यात आले. जून २०१७ मध्ये ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा संस्थेने ‘फायरबॉल’ या हायजॅकरचा अहवाल प्रसिद्ध केला. जगभरात २५ कोटी संगणक बाधित असून त्यांपैकी सुमारे २ कोटी ५३ लाख, म्हणजे सर्वाधिक, भारतातील आहेत, असा तिचा अंदाज होता. प्रत्यक्ष प्रसार याहून बराच कमी असल्याचे मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितले. आकड्यांविषयी मतभेद असले, तरी तो संगणकांत शिरला कसा याविषयी मतभेद नव्हता. फुकट मिळणाऱ्या इतर आज्ञावलींच्या पाठीवर बसून तो आला होता.

बँकेच्या ग्राहकास धोका कोणता?

केवळ जाहिराती दिसण्याने कोणाच्या खात्यातील पैसे जात नाहीत, हे खरे. परंतु त्यापुढील तीन धोके गंभीर आहेत.

पहिला धोका शोधनिकालांचा. निकाल कोणते दाखवावयाचे हे परक्याच्या हाती गेले की बँकेच्या नावाखाली बनावट संकेतस्थळ किंवा बनावट दूरध्वनी क्रमांक पुढे करणे सोपे होते.

दुसरा धोका परवानगीचा. बरेचसे हायजॅकर ब्राउझरला जोडावयाच्या ‘एक्स्टेन्शन’च्या रूपाने येतात. जोडताना ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी ते मागतात आणि घाईत ती दिली जाते. या ‘सर्व संकेतस्थळां’त बँकेचेही संकेतस्थळ येते, याचे भान त्या वेळी राहत नाही.

तिसरा धोका पत्त्याच्या फेरफाराचा. डीएनएस, प्रॉक्सी किंवा विंडोजमधील ‘होस्ट्स’ नावाची धारिका बदलली गेली, तर पत्ता अचूक लिहूनही दुसऱ्याच ठिकाणी पोहोचण्याची शक्यता असते. अशा वेळी ब्राउझर बहुधा प्रमाणपत्राविषयी इशारा देतो. तो इशारा डावलून पुढे जाणे म्हणजे कुंपणावरचा ‘धोका’ हा फलक वाचूनही आत उडी घेण्यासारखे आहे. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ अस्सलच, असाही अर्थ होत नाही. दळणवळण सांकेतिक भाषेत चालू आहे, इतकेच ते चिन्ह सांगते. पलीकडे कोण बसले आहे, याची हमी ते देत नाही.

लक्षणे

पुढीलपैकी एखादे लक्षण दिसले तरी सावध व्हावे :

• मुखपृष्ठ किंवा शोधयंत्र आपोआप बदलणे आणि पूर्ववत केल्यावरही पुन्हा तेच येणे.
• एका दुव्यावर टिचकी मारली असता भलतेच पान उघडणे.
• आपण न जोडलेली पट्टी अथवा एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये दिसणे.
• ब्राउझर बंद असतानाही पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ अशा सूचना येणे.
• घरच्या संगणकावर ‘हा ब्राउझर आपली संस्था नियंत्रित करीत आहे’ असा मजकूर दिसणे. काही विषाणूरोधक आज्ञावलींमुळेही तो दिसतो. मात्र कारण ठाऊक नसल्यास तपासणी अवश्य करावी.

उपाय : क्रमाक्रमाने

स्वच्छता पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावरून बँकेचे कोणतेही व्यवहार करू नयेत. पडद्यावर झळकणाऱ्या क्रमांकावर दूरध्वनी करू नये. पान बंद होत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा व तेथून ब्राउझर बंद करावा. महत्त्वाच्या धारिकांची प्रत काढून ठेवावी आणि मग पुढील क्रमाने जावे. हा क्रम विंडोज ११ असलेल्या संगणकासाठी आहे.

१. ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’ व त्यातील ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ येथे जाऊन यादी तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेल्या अनोळखी आज्ञावली काढून टाकाव्यात. मूळ आज्ञावली राहिली, तर ब्राउझर कितीही वेळा दुरुस्त केला तरी ती तो पुन्हा बिघडविते. म्हणून ही पायरी प्रथम.

२. ब्राउझरमधील एक्स्टेन्शनची यादी उघडून जे ओळखीचे नाही किंवा लागत नाही, ते काढावे. ब्राउझर खात्याशी जोडून ‘सिंक’ केलेला असल्यास ते आधी थांबवावे; अन्यथा काढलेला उपद्रव त्याच मार्गाने परत येतो किंवा घरातील दुसऱ्या संगणकावर पोहोचतो.

३. क्रोम व एज या ब्राउझरांच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट’ची सोय आहे, तर फायरफॉक्समध्ये तिला ‘रिफ्रेश’ म्हणतात. यामुळे मुखपृष्ठ व शोधयंत्र मूळ स्थितीत येतात. जतन केलेल्या खुणा आणि पासवर्ड मात्र राहतात. त्यानंतर ‘नोटिफिकेशन्स’ची यादी पाहून अनोळखी संकेतस्थळांना दिलेली परवानगी रद्द करावी. कोपऱ्यातील भीतिदायक सूचनांचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

४. ब्राउझरच्या शॉर्टकटवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ पाहाव्यात. ‘टार्गेट’ या रकान्यात ब्राउझरच्या नावानंतर एखादा संकेतस्थळाचा पत्ता जोडलेला आढळल्यास तो शॉर्टकट काढून नवा तयार करावा.

५. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या विभागातील ‘प्रॉक्सी’ आणि डीएनएसच्या नोंदी तपासाव्यात. प्रॉक्सी कोणी मुद्दाम लावलेला नसेल, तर तो बंद करावा. घरातील सर्वच संगणक व मोबाइल यांवर एकच त्रास दिसत असेल, तर दोष राउटरमध्ये असू शकतो. अशा वेळी राउटर मूळ स्थितीत आणून त्याचा पासवर्ड बदलावा.

६. शेवटी विंडोजबरोबर येणाऱ्या ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ने पूर्ण तपासणी करावी, त्यातील ‘ऑफलाइन स्कॅन’ विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी करतो. जोडीला मालवेअरबाइट्सचे ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे विनामूल्य साधन वापरता येते. ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेतर्फे २०१७ पासून चालविल्या जाणाऱ्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही विनामूल्य साधने आहेत. जुन्या लेखांत क्रोमच्या अंगभूत सफाई साधनाचा उल्लेख आढळतो. ते २०२३ साली बंद करण्यात आले.

संगणक पुन्हा सुरू करून दोन दिवस निरीक्षण करावे. एवढे करूनही उपद्रव परतला, तर जाणकाराकडून विंडोज नव्याने घालून घेणे श्रेयस्कर. त्यानंतर ई-मेल व बँकेचे पासवर्ड बदलावेत. शक्यतो हे काम दुसऱ्या, निर्दोष उपकरणावरून करावे. बाधित संगणकावर बदललेला पासवर्ड म्हणजे चोर घरात असताना बदललेले कुलूप होय.

दक्षता

आज्ञावली नेहमी मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावी. ती घालताना ‘नेक्स्ट’ची कळ सलग दाबत जाऊ नये. ‘कस्टम’ हा पर्याय निवडून आधीच केलेल्या खुणा वाचाव्यात आणि नको असलेल्या काढाव्यात. दैनंदिन वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते ठेवावे. मुलांसाठी तर ते अवश्य ठेवावे. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील अनावश्यक ॲप रोखण्याची सोय चालू ठेवावी. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, याचीही नोंद घ्यावी.

बँकेचे संकेतस्थळ शोधयंत्रातून शोधू नये. पत्ता स्वतः लिहावा किंवा एकदा खात्री करून त्याची खूण जतन करावी. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हे पत्ते केवळ बँकांनाच मिळतात. त्यामुळे पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय प्रत्येक ग्राहकाने लावून घ्यावी. ग्राहक सेवेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा.

पैसे गेलेच तर?

तत्काळ बँकेस कळवून खाते व कार्ड रोखावे, १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने या बाबतीत वेळेचे महत्त्व स्पष्ट केले होते. बँकेचा अथवा ग्राहकाचा दोष नसलेल्या अनधिकृत व्यवहाराची माहिती तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य, तर ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेली हानी तक्रार नोंदवीपर्यंत त्याचीच, असे त्यात म्हटले होते. लागू असलेले नियम शाखेतून समजून घ्यावेत. परंतु संकोचापायी घालविलेला प्रत्येक तास नुकसान वाढवितो, हे निश्चित.

शाखेतील कर्मचाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘नेटबँकिंगचे पान वेगळेच दिसते’ अशी तक्रार घेऊन कोणी काका-काकू खिडकीशी आले, तर त्यांना केवळ ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगून परत पाठवू नये. ‘पान कसे उघडलेत? क्रमांक कोठून घेतलात?’ हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर ‘शोधून’ असे आले, तर बँकेचा योग्य पत्ता व क्रमांक कागदावर लिहून द्यावा आणि संगणकाची तपासणी होईपर्यंत व्यवहार थांबविण्यास सांगावे. लेखाच्या आरंभीच्या गृहस्थांना कोणी तो कागद वेळीच दिला असता, तर त्यांचे निवृत्तिवेतन त्यांच्याच खात्यात राहिले असते.