गणवेशातला फोटो आणि बावीस हजारांची स्कूटर

आजचा विषय ऑनलाइन खरेदीतली सुरक्षितता. एरवी मी अशा विषयात एखाद्या जाणकाराला बोलवून स्वतः बाजूला बसलो असतो. पण या वेळी चोराने माझाच गणवेश घातला होता, म्हणून मीच बोलतो.

माझा भाचा इंदूरला नोकरी करतो. त्याला जुनी स्कूटर घ्यायची होती. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका साइटवर त्याला जाहिरात दिसली. तीन वर्षं वापरलेली स्कूटर, किंमत बावीस हजार. बाजारात तशीच गाडी चाळीसच्या खाली मिळत नव्हती. विकणारा म्हणाला, "मी फौजी आहे, विमानतळावर ड्यूटी आहे, आता जम्मूला बदली झाली, म्हणून घाईने विकतोय." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो आणि गणवेशातला स्वतःचा फोटो. भाच्याने नंतर मला सांगितलं, "मामा, तुम्ही आर्मीत होतात ना, म्हणून मला शंकाच आली नाही." हे वाक्य मला फार लागलं.

पुढचा क्रम नीट ऐका, कारण देशभर ही फसवणूक जवळपास याच क्रमाने होते. आधी २,१५० रुपये "आर्मी ट्रान्सपोर्ट"चे. मग गाडी ट्रकवर चढवल्याचा फोटो आणि शिक्का मारलेली पावती. मग ६,५०० रुपये गेटपासचे, "डिलिव्हरीनंतर परत मिळतील". मग ९,९९९ विम्याचे. इथे भाच्याला शंका आली आणि त्याने पैसे परत मागितले. तो माणूस अजिबात चिडला नाही. म्हणाला, "सर, लगेच रिफंड करतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, सगळे पैसे खात्यात येतील." भाच्याने पिन टाकला आणि आणखी ९,९९९ गेले. एकूण २८,६४८ रुपये.

त्याने ते फोटो मला दाखवले तेव्हा मला दोन मिनिटंही लागली नाहीत. कार्डावर हुद्दा सुभेदार आणि जन्मसाल १९९८. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला सुभेदार व्हायला साधारण वीसएक वर्षं लागतात, आणि हा त्या वयात पोचलाच नव्हता. दुसरं, विमानतळाची सुरक्षा प्रामुख्याने सीआयएसएफकडे असते. ते दल गृह मंत्रालयाच्या हाताखाली येतं, लष्कराचा त्याच्याशी संबंध नाही. कार्ड लष्कराचं आणि ड्यूटी विमानतळाची, हे गणितच जमत नाही. तिसरं, कुणाची विकलेली स्कूटर लष्कराच्या ट्रकमधून गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन देण्याची पद्धत नाही. चौथं, आमच्याकडे ओळखपत्र हरवलं तर चौकशी बसते. ते अनोळखी माणसाला फोटो काढून पाठवणारा जवान मी तरी पाहिला नाही.

मी त्या नंबरवर फोन केला. विचारलं, "कुठली युनिट?" त्याने ताबडतोब युनिट, कंपनी, ठिकाण सगळं सांगून टाकलं. खरा जवान फोनवर अनोळखी माणसाला यातलं काहीही सांगत नाही. मी माझा हुद्दा सांगितला, फोन कट.

पण मंडळी, हे सगळं मला दिसलं कारण मी त्यात आयुष्य घालवलं. तुम्हाला हुद्दे आणि बिल्ले माहीत असायची गरज नाही. तुम्हाला पैसे कसे जातात एवढं माहीत असलं तरी पुरे.

यूपीआय २०१६ साली आलं. त्याचं यंत्र साधं आहे. पिन म्हणजे तुमच्या बँकेला तुम्ही दिलेला हुकूम की माझ्या खात्यातून एवढे पैसे काढून समोरच्याला दे. पैसे यायचे असतील तर हुकूम समोरच्याने द्यायचा असतो, तुम्ही काहीच करायचं नसतं. क्यूआर कोडमध्ये फक्त पैसे कुणाला जाणार तो पत्ता असतो, आणि कधी कधी रक्कम. तो स्कॅन केल्यावर तुमच्या स्क्रीनवर पैसे "देण्याचं" बटण येतं. परतावा, बक्षीस, लॉटरी, काहीही नाव दिलं तरी पिन मागितला की पैसे जाणार. पूर्वी हे लोक "रिक्वेस्ट" पाठवूनही पैसे काढत. दोन व्यक्तींमधली ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, म्हणून आता सगळा भर क्यूआरवर आहे. काही जण आधी एक रुपया मागतात आणि खरोखर दोन परत पाठवतात. "बघा, आर्मीच्या खात्यात असंच असतं, आधी तुम्ही पाठवा, दुप्पट येतं." त्या दोन रुपयांना भुलून शिकलेली माणसं हजारो रुपये पाठवतात.

नावाजलेल्या साइटवरून नवी वस्तू घेताना धोका वेगळा असतो. ब्राउझरमधलं कुलूप पाहून निर्धास्त होऊ नका. मधल्या वाटेत कुणी माहिती वाचू शकत नाही एवढंच ते कुलूप सांगतं. दुकानदार प्रामाणिक आहे की नाही ते त्याला कळत नाही. ग्राहक सेवेचा नंबर सर्च करून शोधू नका, ॲपमध्ये ऑर्डरच्या पानावरूनच संपर्क करा. सर्चमध्ये भामट्यांचे नंबर पेरलेले असतात, आणि ते लोक पहिलं काम म्हणून तुम्हाला स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावतात. आणि जुनी गाडी असेल तर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून नोंदणी पाहा, गाडी डोळ्यांनी पाहा, कागद हातात घ्या, मग पैसे.

वस्तू खराब निघाली, साइट दाद देत नाही, तर तो फसवणुकीचा नाही, ग्राहक हक्काचा मामला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावं लागतं. नाही दिलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता भाच्याची खरी चूक. पैसे गेल्यावर तो सव्वीस तास गप्प बसला. आईला सांगायची लाज, मला सांगायची त्याहून जास्त. फसवणूक झाली की लगेच १९३० वर फोन करायचा असतो, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची असते. तिथे तुमच्या व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, रक्कम आणि वेळ नोंदवली की ज्या बँकेत पैसे गेले तिला सूचना जाते. पैसे तिथे असतील तर अडवले जातात, पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला निरोप. चोर ते पैसे काही मिनिटांत तीन-चार खात्यांतून फिरवतो, म्हणून इथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब आहे. भाच्याच्या २८,६४८ पैकी ३,२०० रुपये कुठल्याशा खात्यात अडकलेले सापडले. बाकी गेले.

स्वतःच्या बँकेलाही त्याच वेळी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचं तत्त्व असं आहे की पिन वगैरे ग्राहकानेच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, मधल्या तिसऱ्याच कुठून तरी पैसे गेले असतील, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काहीच भार नाही. कळवल्याचा तक्रार क्रमांक मागून घ्या, लिहून ठेवा.

ताईला शेवटी मीच सांगितलं. ती भाच्याला रागावली नाही, मला म्हणाली, "तुझा गणवेश पाहून दार उघडायला मीच शिकवलंय त्याला." त्यानंतर भाच्याने ऑफिसातल्याच एकाची गाडी घेतली, अडतीस हजारांना. व्यवहाराच्या दिवशी त्याने मला व्हिडिओ कॉल लावला आणि आरसी पुस्तकावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवून दाखवला, एकेक आकडा मोठ्याने वाचत.