विद्रोह उसना मिळत नाही

भिवापूरची मिरची दूरदूर जाते. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मिरची सातऱ्यावर दिवसभर देठ खुडणाऱ्या आणि रात्री हातांच्या आगीने तळमळणाऱ्या आमच्या मायबहिणी मराठी कवितेत कितीदा आल्या?

भिवापूरच्या एका तरुण कवीची वही वाचताना हा प्रश्न आम्हाला पडला. त्याची आई सातऱ्यावर जाते. वहीत मात्र अर्धी पाने चंद्र-चांदणे आणि अर्धी पाने नामदेव ढसाळांच्या ढंगातल्या शिव्या. आई कुठेच नाही. विचारले तर म्हणाला, "सर, तिच्यावर काय लिहायचं? कोण वाचणार?"

खरी गोम इथेच आहे. ढसाळांकडून आम्ही शिवी उचलली, नजर उचलली नाही. मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या या कवीने १९७२ साली 'गोलपिठा'तून कामाठीपुऱ्याची माणसे त्यांच्याच भाषेत कवितेत आणली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही अनेक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. ढसाळांनी परवानगी मागितली नाही. जे जगले तेच लिहिले. तुझ्या सातऱ्याचे शब्द तरी पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला कुठे ठाऊक आहेत?

बंडखोर फक्त मुंबईतच जन्मतात असेही नाही. आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागू बनसोडे (१८७९-१९४६) यांनी कविता लिहिल्या, पत्रे काढली आणि मुलींच्या शिक्षणासाठी झटले. मागे पुरस्कार नव्हते, अनुदान नव्हते.

आणि किंमत मोजणे म्हणजे काय, हे 'उत्थानगुंफा'कार यशवंत मनोहरांनी दाखवले. जानेवारी २०२१ मध्ये विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार त्यांनी नाकारला. व्यासपीठावर सरस्वतीची प्रतिमा राहणार होती आणि ती त्यांच्या मूल्यांत बसत नव्हती. शिवी नाही, आरडाओरड नाही. फक्त ठाम नकार. शालीसाठी मान पुढे करणाऱ्या आमच्या किती कवींना हे जमेल? आज पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कविता आणि जयंतीला विद्रोह, असा दुहेरी धंदा जोरात आहे!

मात्र प्रेरणा म्हणजे आरती नव्हे. ढसाळांच्या पुढच्या राजकीय वळणांवर चळवळीने टीका केली, ती योग्यच होती. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितला, तो कवींनाही लागू आहे. मोठ्यांकडून निर्भयता घ्यावी, त्यांचा गळा घेऊ नये.

त्या तरुणाला आम्ही वही परत दिली आणि एवढेच म्हणालो: बाबा, उद्या आईबरोबर सातऱ्यावर जा. दिवसभर देठ खुड. मजुरी किती मिळाली ते लिही, हात किती जळले ते लिही, हिशेब कोण करतो तेही लिही. मग ढसाळांची आठवण काढ. तोपर्यंत नको.

जयभीम!