जलचरांचा घरोबा (लेखांक सातवा) : पाण्यातल्या बेडकांचे घर

आजवरच्या लेखांकांत माशांच्या टाकीचा तपशील आपण पाहिला. आज ज्या प्राण्याचा विचार करावयाचा आहे तो माशांप्रमाणे अष्टौप्रहर पाण्यात राहतो, परंतु श्वास मात्र आपल्याप्रमाणे फुप्फुसांनी घेतो, आणि त्याच्या घराची बहुतेक सारी रचना या एकाच गोष्टीवरून ठरते. कांगो नदीच्या खोऱ्यातील आणि कॅमेरून, गॅबन या प्रदेशांतील अरण्यांच्या उथळ, संथ पाण्यात वाढणारा, प्राणिशास्त्रात हायमेनोकायरस या नावाने ओळखला जाणारा हा खुजा आफ्रिकी बेडूक जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याला जीभ नसते, आणि आपल्या विहिरीच्या काठावर बसणाऱ्या बेडकांप्रमाणे तो जमिनीवर वावरत नाही.

तळाशी निश्चल पडून राहिलेला हा जीव एकाएकी पाय झाडीत सरळ वर येतो, नाकपुड्यांची टोके क्षणभर पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतो आणि आला तितक्याच त्वरेने खाली उतरतो. ही ये-जा त्याला रात्रंदिवस करावी लागते. सबब दिवाणखान्यात शोभून दिसणारी उंच टाकी त्याच्या कामाची नव्हे. साठ सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद अशा पसरट टाकीत वीस-बावीस सेंटिमीटर पाणी ठेवले, तर सुमारे चाळीस लिटरांच्या त्या घरात चार बेडूक सुखाने नांदतात. दगडांची रास रचताना मात्र त्यांत बेडूक अडकेल अशी फट राहू देऊ नये, कारण पृष्ठभागापर्यंत पोहोचता आले नाही तर हा जलवासी प्राणी पाण्यातच गुदमरून मरतो. झाकण घट्ट हवे, त्याला हवेपुरती छिद्रे हवीत, आणि पाणी व झाकण यांच्यामध्ये चार बोटे हवा खेळती राहिली पाहिजे. लहानशा फटीतून बाहेर पडलेला बेडूक कातडी सुकून थोड्याच वेळात प्राणास मुकतो.

तळाला बारीक वाळू पसरावी, किंवा त्याच्या डोक्याहून मोठे गुळगुळीत गोटे ठेवावेत. तो तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, आणि त्या झटक्यात बारीक खडी पोटात जाते. पाणी २४ ते २७ अंश सेल्सियसपर्यंत उबदार असावे. कोकणात वर्षातील बराच काळ हे आपोआप साधते, पुण्या-नाशिककडील थंडीत मात्र छोट्या हीटरची तजवीज करावी लागते. गाळणी स्पंजाची आणि मंद प्रवाहाची घ्यावी.

खरेदीच्या वेळी एक खबरदारी अत्यावश्यक आहे. दुकानांत याच्याच शेजारी, आणि पुष्कळदा याच्याच नावाने, झेनोपस नावाच्या नख्यांच्या बेडकाची पांढरी पिल्ले विकावयास ठेवलेली असतात. ती वाढून दहा-बारा सेंटिमीटरांची होतात आणि तोंडात मावेल ते गिळतात. पुढच्या पायांची बोटे पाहावीत : खुज्या बेडकाच्या त्या बोटांमध्ये पडदा असतो, झेनोपसच्या बोटांमध्ये नसतो. १९३० नंतरच्या काळात गर्भधारणेच्या चाचणीसाठी झेनोपस जगभरच्या प्रयोगशाळांत गेला, आणि पुढे चिली, कॅलिफोर्निया, फ्रान्स येथील नैसर्गिक जलाशयांत त्याने वस्ती करून तेथील जीवांना उपद्रव दिला. म्हणून पाळलेला कोणताही बेडूक विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये. परदेशी बेडकाबरोबर रोगकारक बुरशीही आपल्या पाण्यात येऊ शकते.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत उपेक्षित गोष्ट. बेडकाची त्वचा पाण्यातील द्रव्ये सहज शोषून घेते. त्यामुळे नळाच्या पाण्यातील क्लोरिन तिला थेट बाधते. भांड्यात दिवसभर उघडे ठेवल्याने क्लोरिन निघून जातो, पण जेथे पाण्यात क्लोरामाइन घालतात तेथे दुकानात मिळणारे क्लोरिननाशक द्रव वापरल्यावाचून गत्यंतर नाही. याहून सावकाश होणारे काम जीवाणूंचे. विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून उत्पन्न होणाऱ्या विषारी अमोनियाचे, स्पंजावर वाढणारे जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच असल्याने दोन्ही टप्पे पुरे व्हावे लागतात. या जीवाणूंची वस्ती जमावयास बहुधा चार ते सहा आठवड्यांची मुदत लागते, आणि तेवढ्या काळात रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून त्यांच्या निर्वाहाचा बंदोबस्त करावा लागतो. काचेतून पाणी नितळ दिसते म्हणून ते तयार झाले असे समजणे चुकीचे आहे. चाचणीच्या थेंबांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दाखविले, म्हणजेच टाकी सिद्ध झाली.

आहाराचा विचार पुढील लेखांकात करू. दरम्यान वाचकांनी टाकी भरावी, गाळणी सुरू करावी आणि चिमूटभर खाद्य रोज टाकीत जावे. बेडूक मात्र पाणी सिद्ध होईपर्यंत दुकानातच राहू द्यावेत.