स्प्लीन हाताला लागते का?

राउंड संपला की साडेदहाच्या सुमारास मुलं वॉर्डात येतात. पांढरे एप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, खिशात टेप, टॉर्च आणि गुडघ्यावर मारायची हातोडी. एका पलंगाभोवती वीसेक जणांचं कोंडाळं झालं की पंख्याचा वाराही पेशंटपर्यंत पोचत नाही. म्हणून मी आधी चौघांना पुढे ठेवतो, बाकीच्यांना दोन पावलं मागे घेतो आणि पेशंटला विचारतो, "काका, ही मुलं शिकायला आलीत. तुम्हाला तपासलं तर चालेल का?" बहुतेक जण हो म्हणतात. सरकारी दवाखान्यात माणूस नाही म्हणायला बिचकतो. त्यामुळे नुसत्या होकारावर न जाता त्याचा चेहरा बघावा लागतो. जीव दमलेला दिसला की आम्ही पुढच्या पलंगाकडे सरकतो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी असेच एक काका होते, परभणीकडचे शेतकरी. हिस्ट्री घ्यायला एका मुलीला पुढे केलं. तिचं घर केरळात. सरकारी कॉलेजातल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यातून ती आलेली. मराठी शिकली ती वॉर्डातल्या सिस्टरांकडून आणि मावश्यांकडून.

"काका, त्रास कधीपासून?"

"पोळ्यापासून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. शेजारच्या लातूरच्या मुलाने हिशेब करून दिला: श्रावणातली अमावास्या, म्हणजे तीन-साडेतीन महिने. आमचे पेशंट दुखणं तारखेने सांगत नाहीत. पेरणी, पोळा, सोयाबीनची काढणी, लेकीचं लग्न, असं सांगतात. आणि ते पक्कं असतं.

"पोट जड वाटतं. अर्धी भाकर खाल्ली की बास." तिने कागदावर लिहिलं, भूक मंदावली. इथे मी थांबवलं. भूक लागत नाही असं काका म्हणाले का? पुन्हा विचार. तिने विचारलं. काका म्हणाले, "भूक लागती की. पर पोटात जागाच ऱ्हात न्हाई."

या दोन तक्रारींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भूक मेलेल्या माणसाचा विचार एका वाटेने जातो आणि भूक असून पोट लगेच भरणाऱ्याचा दुसऱ्या. आत काहीतरी वाढून जठराला दाबतंय, हे काकांनी एका वाक्यात सांगितलं होतं. घाईने लिहून टाकलं असतं तर ते हरवलं असतं. हिस्ट्री घेणं म्हणजे प्रश्नांची यादी संपवणं नव्हे, हे वर्गात कितीही सांगा, मुलांना ते पटतं ते अशा वेळी.

मग पोट तपासायला लातूरकर पुढे झाला. पेशंटच्या उजव्या बाजूला उभा राहिला, त्यांना गुडघे दुमडायला लावले, हात एकमेकांवर चोळून गरम केले. थंड हात लागला की पोट आपोआप आवळतं आणि मग काहीच कळत नाही. कुठे दुखतं हेही आधी विचारलं, म्हणजे तो भाग शेवटी तपासता येतो. इथपर्यंत छान. पण त्याने हात थेट डाव्या बरगड्यांखाली ठेवला, दोनदा दाबलं आणि म्हणाला, "सर, स्प्लीन लागत नाही."

मला हेच हवं होतं. निरोगी माणसाची स्प्लीन, म्हणजे प्लीहा, हाताला लागतच नाही. दोन-तीन पट वाढली की बरगडीखाली उतरू लागते आणि तिरकी, उजव्या ओटीपोटाच्या दिशेने वाढत जाते. खूप वाढलेली असेल आणि तुम्ही हात बरगडीखाली ठेवलात, तर हात तिच्यावरच पडलेला असतो. कडा सापडत नाही आणि ती नाहीच असं वाटतं. सगळ्यात मोठी स्प्लीन अशी सगळ्यात सहज निसटते. म्हणून सुरुवात उजव्या ओटीपोटापासून करायची. हात स्थिर ठेवायचा, पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगायचं. श्वासाबरोबर स्प्लीन खाली येते आणि आपण होऊन बोटांना भिडते. नाही भिडली तर श्वास सोडताना हात जरा वर सरकवायचा. बोटांनी खुपसायचं नाही. आणि नजर पोटावर नाही, पेशंटच्या चेहऱ्यावर. दुखलं तर कपाळाला आधी कळतं.

त्याने पुन्हा सुरुवात केली. बेंबीच्या जरा खाली त्याचा हात थबकला. "सर, इथे?" मी काही बोललो नाही. त्याने कडेवरून बोटं फिरवली, त्या कडेवरची खाच त्याला सापडली. मग बरगडी आणि त्या गोळ्याच्या मधे हात घालून पाहिला, तो जाईना. किडनी असती तर गेला असता. हा ताळा त्याने न सांगता घेतला. आपल्या हाताने सापडलेली गोष्ट त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसत होती, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच मी इतकी वर्षं या वॉर्डात टिकून आहे.

मग बोटाने ठोकून पाहिलं. डाव्या हाताचं मधलं बोट अंगावर घट्ट टेकवायचं, बाकीची उचललेली. उजव्या मधल्या बोटाने मनगटातून टकोरा मारायचा आणि बोट लगेच उचलायचं. अंगावर ठोकून तपासण्याची मूळ कल्पना ऑएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने 1761 साली प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळवाले. पिंप किती भरलंय हे ते वाजवून बघत, त्यावरून त्याला हे सुचलं असं सांगतात. आमची मुलं वर्गातल्या बाकांवर सराव करतात. पोकळ आणि भरीव आवाज ओळखायला कानाला महिने लागतात.

मागच्या रांगेतून दरवेळी एक प्रश्न येतो: "सर, सोनोग्राफीत दिसेलच ना?" प्रश्न प्रामाणिक असतो. दिसेलच. पण यातली बरीच मुलं पुढे बाँडच्या वर्षात एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असतील. तिथे रात्री हातच असणार, आणि या माणसाला मोठ्या दवाखान्यात आज पाठवायचं की उद्या, हे त्या हातावरूनच ठरवावं लागेल. मुलांना दोष देववत नाही. पीजीची नीट म्हणजे साडेतीन तासांत 200 प्रश्न, चारातला एक पर्याय. तिथे स्प्लीन कशी शोधलीस हे कुणी विचारत नाही. मग इंटर्न वॉर्डातून निसटून लायब्ररी गाठतात आणि मोबाइलवर लेक्चरं ऐकतात. वर्षभर समोर पेशंट असताना त्यांना पाठ केलेल्या उत्तरांकडे ढकलणारी ही परीक्षा बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

चौघांपलीकडे कुणालाही मी काकांच्या पोटाला हात लावू दिला नाही. अशी स्प्लीन वारंवार दाबली तर इजा होऊ शकते, आणि माणूस थकतो तो वेगळाच. बाकीच्यांनी पाहिलं. निदानाची चर्चा आम्ही बाहेर व्हरांड्यात केली. पलंगाशी इंग्रजीत बोललं की पेशंटला कळत नाही, हा समज खोटा आहे. त्याला आपला सूर कळतो.

रक्तात पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर निघाल्या, पुढच्या तपासणीत क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया ठरला. काकांना आणि त्यांच्या मुलाला बाजूच्या खोलीत बसवून सांगितलं, तेव्हा ती केरळची मुलगी आणि लातूरकर दोघंच सोबत होते. काकांनी विचारलं, "गोळी महाग असंल ना?" या आजारावरची गोळी म्हणजे इमॅटिनिब. तिच्या पेटंटचा नोव्हार्टिस कंपनीचा दावा 2013 साली सुप्रीम कोर्टाने फेटाळला, भारतीय कंपन्यांच्या गोळीची वाट मोकळी राहिली. हे मी नंतर त्या दोघांना सांगितलं. काकांना एवढंच सांगितलं की गोळी मिळेल, रोज जेवणानंतर घ्यायची आणि बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही.

तीनेक महिन्यांनी काका ओपीडीत आले. "आता दोन भाकरी जातात," म्हणाले. लातूरकरला वॉर्डातून बोलावून घेतलं. त्याने काकांना विचारून हात उजव्या ओटीपोटावर ठेवला आणि श्वासागणिक वर सरकत बरगडीपर्यंत गेला. "नाही लागत, सर." उजव्या कुशीवर वळवून पुन्हा बघ, म्हटलं.